इम्परफेक्ट सबजंक्टिव्हची वही परत आली असल्यास

स्पॅनिशच्या बी२ (उच्च-मध्यम) पातळीच्या तुकडीकडून आम्हांला दर सत्रात एकच प्रश्न विचारला जातो. इम्परफेक्ट सबजंक्टिव्हचा, म्हणजे इच्छा, शंका किंवा काल्पनिक अट सांगणाऱ्या भूतकाळी क्रियारूपांचा, गृहपाठ तपासताना आम्ही बरोबर उत्तर लिहून न देता समासात लाल शाईने भूतकाळाचे एखादेच रूप का लिहितो, असा तो प्रश्न आहे.

तपासलेल्या वह्यांमध्ये चूक बहुधा एकाच जागी सापडते. विद्यार्थी 'तेनेर' (जवळ असणे) हे मूळ क्रियापद समोर ठेवतात, त्यालाच प्रत्यय जोडतात आणि 'तेनिएरा' असे रूप लिहितात, जे स्पॅनिशमध्ये नाहीच. हा काळ मूळ क्रियापदापासून नव्हे, तर साध्या भूतकाळाच्या तृतीयपुरुषी अनेकवचनापासून घडतो. 'तुबिएरोन'मधील 'रोन' काढून तिथे रा, रास, रा, रामोस, राइस, रान हे प्रत्यय लावले, की 'तुबिएरा', 'तुबिएरास' अशी सहाही रूपे मिळतात. 'देसिर'चे (सांगणे) 'दिहेरोन', म्हणून 'दिहेरा'. 'दोर्मिर'चे (झोपणे) 'दुर्मिएरोन', म्हणून 'दुर्मिएरा'. 'सेर' (असणे) आणि 'इर' (जाणे) या दोहोंचे 'फुएरोन', म्हणून दोहोंचे 'फुएरा'. या नियमाला एकही अपवाद नाही. म्हणूनच आम्ही समासात 'तुबिएरोन' लिहून थांबतो. तेवढे दिसल्यावर पुढचे रूप विद्यार्थ्याने स्वतः घडवले, तर ते त्याच्याजवळ राहते.

'रा'ऐवजी 'से'ची रूपेही शुद्ध आहेत. परंतु बोलण्यात 'रा' अधिक आढळत असल्याने आम्ही तीच शिकवतो. आघातचिन्हाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. 'आम्ही'च्या रूपात ते 'रामोस'च्या आधीच्या स्वरावर येते, आणि 'आब्लार'पासून (बोलणे) झालेल्या 'आब्लारा'च्या शेवटच्या स्वरावर चुकून पडले तर त्याचा अर्थ 'तो बोलेल' असा होतो.

मराठी भाषकांची आणखी एक अडचण आहे. 'वेळ असता तर आलो असतो' या वाक्यात आपण दोन्हीकडे संकेतार्थ वापरतो, त्यामुळे 'सि' (जर) नंतरही 'तेनेर'चे संकेतार्थी रूप वापरून 'सि तेंद्रिया तिएम्पो' असे सहज लिहिले जाते. उत्तर स्पेनच्या काही भागांत असे बोललेही जाते, तरी परीक्षेच्या लेखनात ते चूकच धरले जाते. योग्य वाक्य 'सि तुबिएरा तिएम्पो, बेंद्रिया' असे आहे.

सर्व क्रियापदांचा छापील तक्ता देण्याची मागणी आम्ही मान्य करत नाही, कारण तक्ता हाताशी असला की भूतकाळाची रूपे पाठ होत नाहीत आणि बोलताना नेमकी तीच अडतात. त्याऐवजी हा काळ सुरू करण्यापूर्वी आम्ही भूतकाळाच्या उजळणीचे चार वर्ग घेतो. ज्यांनी आधीची पातळी अन्यत्र पूर्ण केली आहे, त्यांनाही केवळ या चार वर्गांसाठी नाव नोंदवता येते. येताना परत आलेली वही सोबत आणावी. उजळणी तिच्यातील लाल खुणांवरूनच घेतली जाते.