नळी मोकळी आहे, पण ॲक्शन नीट बसली आहे का? फ्री-फ्लोट आणि बेडिंगमधला फरक

कमी बजेटमध्ये अचूक बोल्ट-ॲक्शन रायफल (हाताने बोल्ट म्हणजे मागचा दांडा ओढून भरायची) शोधणाऱ्याला एक प्रयोग हमखास दाखवला जातो. विक्रेता कागदाची पट्टी नळी आणि स्टॉक (नळी-ॲक्शन ज्यात बसते तो लाकडी किंवा प्लास्टिकचा भाग) यांच्या मधल्या फटीत घालतो, पार ॲक्शनपर्यंत सरकवत नेतो आणि सांगतो, 'बघा, फ्री-फ्लोट आहे, बेडिंगची काळजीच नको.' यातलं पहिलं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं. दुसऱ्याचा त्या पट्टीशी काही संबंध नसतो.

फ्री-फ्लोट म्हणजे नळीला स्टॉकचा कुठेही स्पर्श नसणं. बेडिंग म्हणजे ॲक्शन, म्हणजे ज्यात बोल्ट मागेपुढे होतो तो पोलादी भाग, स्टॉकमध्ये घट्ट आणि दर वेळी त्याच जागी टेकलेला असणं. एकात स्पर्श टाळायचा असतो, दुसऱ्यात तो पक्का करायचा असतो. पण दोन्ही गोष्टी एकाच स्टॉकमध्ये, एकमेकींपासून काही सेंटीमीटरवर घडतात आणि दोन्हींचा परिणाम टार्गेटवर ग्रुप, म्हणजे लागोपाठ झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका, फाटण्यातच दिसतो. म्हणून गल्लत होते.

स्वस्त रायफलच्या बाबतीत हा फरक जास्तच महत्त्वाचा आहे. आज चांगली नळी बनवणं पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही. रुगर आणि टिक्का या कंपन्या कोल्ड हॅमर फोर्जिंगने नळ्या बनवतात: आत साचा ठेवून बाहेरून यंत्राचे हातोडे पोलाद ठोकतात आणि गोळीला फिरकी देणारे आटे आतल्या आत उमटतात. सॅव्हेजने वेगळ्या ठिकाणी मजुरी वाचवली. तिच्या बोल्टचं डोकं किंचित हलतं राहतं, त्यामुळे बोल्ट बंद धरणारे दोन्ही लग म्हणजे दाते सारखेच टेकतात. नळी बसवायला नट वापरलेला असल्याने हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर, जुळवायला कारागिराला तासन्‌तास घासत बसावं लागत नाही. या बचतीने अचूकपणा कमी होत नाही. खरी काटकसर होते ती स्टॉकमध्ये. साच्यात ओतलेला, आतून पोकळ प्लास्टिकचा स्टॉक सगळ्यात स्वस्त पडतो. म्हणून माझं ठाम मत आहे की या किमतीत दोन रायफलींची तुलना करताना नळीपेक्षा जास्त वेळ स्टॉक बघण्यात घालवावा.

आधी फ्लोट बघू. गोळी नळीतून बाहेर पडायला साधारण एक-दीड मिलीसेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात नळी थरथरते. ही थरथर थांबवता येत नाही, ती दर वेळी सारखी असली म्हणजे झालं. नळी स्टॉकला टेकत असेल तर तो दाब बदलत राहतो. लाकूड दमट हवेत फुगतं, नळी तापली की सरकते, स्लिंग म्हणजे रायफलचा पट्टा ओढून धरला की पुढचा भाग वाकतो. नळी मोकळी ठेवली की हे सगळं एका फटक्यात बाजूला होतं.

पट्टीची चाचणी मात्र रायफल निवांत पडलेली असताना होते. नेमबाज निवांत पडलेल्या रायफलने गोळी झाडत नाही. तेव्हा बोल्ट उघडा, मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. मग स्टॉकचा पुढचा भाग नळीसकट मुठीत धरून दाबा. मऊ प्लास्टिक असेल तर फट डोळ्यांदेखत बंद होते. बायपॉड म्हणजे दोन पायांचा टेकू लावून खांद्याने थोडा भार दिलात तरी तेच दिसेल. कागद जेमतेम सरकेल इतकी फट अशा स्टॉकला पुरत नाही, दोन-तीन मिलिमीटर तरी हवी.

बेडिंगचा मामला याहून खोल आहे. गोळी सुटताच ॲक्शन मागे ढकलली जाते आणि तो धक्का रिकॉइल लग नावाचा पोलादी ठोकळा स्टॉकला देतो. लगची मागची बाजू नीट टेकली नसेल, तर प्रत्येक शॉटनंतर ॲक्शन केसभर वेगळ्या जागी स्थिरावते. दुसरा दोष ॲक्शन स्टॉकला जोडणाऱ्या स्क्रूंमुळे येतो. ॲक्शनखालची बैठक सपाट नसेल तर स्क्रू आवळताना ॲक्शनच किंचित वाकते आणि ताणाखाली राहते. नळी पूर्ण मोकळी असूनही हे दोन्ही दोष असू शकतात. कागदाच्या पट्टीला ते कधीच दिसणार नाहीत.

प्रत्येक कंपनीने यावर आपापला उपाय काढला आहे. हावा १५०० मध्ये लग ॲक्शनच्याच धातूचा आहे आणि ॲक्शनचा तळ सपाट आहे, त्यामुळे ती छान बसते. रेमिंग्टन ७०० मध्ये ॲक्शन गोल नळकांड्यासारखी आणि लग म्हणजे नळी व ॲक्शनच्या मध्ये दाबलेली वेगळी चकती. टिक्काने उलटा विचार केला: लग स्टॉकमध्ये, खाच ॲक्शनमध्ये. टी३ मध्ये तो ॲल्युमिनियमचा होता, २०१६ मध्ये आलेल्या टी३एक्समध्ये पोलादाचा केला. मला सगळ्यात जास्त कौतुक रुगर अमेरिकनचं वाटतं. स्टॉक साधं, हाताला फारसं सुखद न वाटणारं प्लास्टिकच, पण त्यात इंग्रजी व्ही आकाराचे दोन धातूचे ठोकळे साच्यातच बसवले आहेत. ॲक्शन त्या उतारांवर येऊन आपोआप मधोमध बसते. बजेट रायफलमध्ये पैसा नेमका जिथे लागायला हवा तिथे लावलेला आहे.

बेडिंग तपासायचीही सोपी रीत आहे. रिकामी रायफल उभी धरा आणि एका बोटाचं टोक नळी व स्टॉकच्या पुढच्या टोकाच्या सांध्यावर असं ठेवा की ते दोन्हींना स्पर्श करेल. आता ॲक्शनचा पुढचा स्क्रू हळू सैल करा, पुन्हा आवळा. बेडिंग चांगलं असेल तर बोटाला जवळपास काही कळत नाही. नळी स्टॉकपासून उचलल्यासारखी वाटली तर ॲक्शन वाकवली जात होती हे समजा. डायल इंडिकेटर (बारीक हालचाल मोजणारं उपकरण) असेल तर हीच हालचाल आकड्यात मोजता येते. अर्थात विकत घेण्याआधीच हे करायचं असेल तर विक्रेत्याची परवानगी घ्या. नंतर स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या जोराला) आवळा, अंदाजाने आवळलेला स्क्रू चांगल्या बेडिंगवरही पाणी फिरवतो.

टार्गेटवरच्या खुणाही बऱ्याचदा वेगळ्या असतात. थंड नळीतून पहिले दोन-तीन शॉट एकत्र लागले आणि नळी तापत गेली तशा पुढच्या गोळ्या एकाच दिशेला सरकत गेल्या, तर स्पर्शाचा संशय घ्या (नळीतच ताण राहिलेला असला तरी असंच होतं). नळी थंड असो वा गरम, गोळ्या दोन वेगळ्या पुंजक्यांत पडत असतील तर बेडिंगकडे बघा. पण त्याआधी स्कोपच्या (वरच्या दुर्बिणीच्या) रिंग आणि बेसचे स्क्रू तपासा. सैल स्कोप बेडिंगच्या दोषाची हुबेहूब नक्कल करतो. निष्कर्ष तीन शॉटवरून काढू नका, निदान पाच-पाच शॉटचे काही ग्रुप हवेत. १०० मीटरवर १ मिनिट ऑफ अँगल (अंशाचा साठावा भाग) म्हणजे जेमतेम २.९ सेंटीमीटर, तीन गोळ्या तेवढ्यात योगायोगानेही बसतात.

दुरुस्तीतही दोन्हींचं वजन सारखं नाही. गोल काठीला पॉलिशपेपर गुंडाळून नळी ज्यात बसते ती स्टॉकची खाच रुंद करणं कुणालाही घरी जमेल. बेडिंगला ॲक्शनखाली भरून घट्ट होणारी इपॉक्सी राळ लागते, लगच्या पुढे, बाजूला आणि खाली टेप लावून फक्त मागची बाजू टेकती ठेवावी लागते, शिवाय सगळ्या धातूला राळ चिकटू नये म्हणून रिलीज एजंट नीट लावावा लागतो. तो एका जागी राहून गेला तर ॲक्शन स्टॉकला कायमची चिकटते. हे काम पहिल्यांदा तरी जाणत्या गनस्मिथकडून करून घ्यावं. म्हणूनच दोन रायफली सारख्याच किमतीच्या असतील, एकीत फट अरुंद पण बैठक भक्कम आणि दुसरीत फट ऐसपैस पण बैठक डळमळीत असेल, तर मी पहिली घेईन.

पॉलिशपेपर हातात घेण्याआधी एक मात्र बघा. काही हलक्या नळीच्या रायफलींमध्ये स्टॉकच्या टोकाशी नळीला खालून मुद्दाम दाब दिलेला असतो. रेमिंग्टन ७०० च्या अनेक शिकारी आवृत्त्यांत असा उंचवटा असतो. तिथे पट्टी अडकते ती दोषामुळे नाही. अशी रायफल चांगले ग्रुप देत असेल तर तो उंचवटा घासू नका. देत नसेल तर घासण्याआधी ॲक्शन आणि स्टॉकच्या मध्ये, ॲक्शनच्या स्क्रूभोवती पातळ वॉशर घालून नळी तात्पुरती उचला आणि ग्रुप घेऊन बघा. फरक पडला नाही तर वॉशर काढला की स्टॉक होता तसाच राहतो.