‘पक्की शाळा’ या शब्दाची पार्श्वभूमी

शाळेचा नवा आराखडा ग्रामसभेत ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘बांधकाम पक्कं होणार ना?’ झाडं, परसबाग, पावसाचं पाणी हे सगळं नंतर. विदर्भात मुलांना मातीशी जोडणारी शाळा बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाची गाठ आधी या शब्दाशी पडते.

जुना भाग थोडक्यात. गांधीजींच्या अध्यक्षतेखालची 1937 ची वर्ध्याची शिक्षण परिषद आणि त्यांच्या सेवाग्राम आश्रमातल्या मातीच्या कुट्या वाचकांना ठाऊक आहेत. त्यानंतर लगेच मध्य प्रांत-वऱ्हाडात विद्यामंदिर योजना आली. दानात मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, अशी ती कल्पना. योजना टिकली नाही, आणि शाळेला वावर हवं हा विचारही तिच्याबरोबर मागे पडला. मागे राहिली ती कवेलूची, म्हणजे मातीच्या कौलांची शाळा : जाड मातीच्या भिंती, पुढे छपरी (ओसरी), अंगणात कडुनिंब. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची आणि दुपारी छपरीत बसवत असे.

ती शाळा गेली त्यात वानरांचाही मोठा हात आहे. टोळी एकदा छतावरून गेली की शेकडो कवेलू फुटायचे. दरवर्षी मृगाआधी शाकारणी, म्हणजे छताची डागडुजी, करावी लागे, आणि ती करणारे हात गावात कमी होत गेले. मग टीन आलं. मार्चपासून टिनाखाली बसणं म्हणजे काय, हे ज्यांनी सोसलं आहे त्यांना सांगायला नको.

खरा गुंता 1986 च्या राष्ट्रीय धोरणातून आलेल्या खडू-फळा मोहिमेपासून (ऑपरेशन ब्लॅकबोर्ड) सुरू होतो. तिथली अपेक्षा साधी होती : सर्व ऋतूंत वापरता येतील अशा दोन खोल्या आणि खोल व्हरांडा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतही शब्द आहेत ते ‘ऑल-वेदर बिल्डिंग’. सिमेंट, विटा किंवा स्लॅब यांचा उल्लेख तिथे नाही. तरी गावापर्यंत येताना ‘सर्व ऋतूंत टिकणारी’चं ‘पक्की’ झालं आणि ‘पक्की’चं ‘स्लॅबची’. भर उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, तोही एक ऋतूच आहे. पण टिकणं म्हणजे पावसात न गळणं, एवढाच अर्थ धरला गेला.

यामागे भीतीही होती, आणि ती खोटी नव्हती. 2004 मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे शाळेच्या गवती छपराला आग लागून 94 मुलं गेली. पुढे 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या सुरक्षिततेबाबत निर्देश दिले. गवत काढलंच पाहिजे होतं. पण त्याच झटक्यात माती आणि कवेलूही ‘कच्चे’ ठरले, हे मला आजही पटत नाही. मातीच्या इमारती भूकंपात कशा टिकवाव्यात याचं भारतीय मानक 1993 पासून आहे, आणि 2002 च्या भूकंप-धोक्याच्या नकाशात विदर्भाचा बहुतांश भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात येतो.

उलट स्लॅबची खोली काळ्या मातीत किती पक्की असते, ते बघावं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पाया मुरुमापर्यंत नेला नाही, तर दारावरच्या कोपऱ्यातून तिरपी चीर चढते. यवतमाळकडच्या एका शाळेत मी अशी चीर पाहिली. मुलांनी तिच्याशेजारी पेन्सिलीने तारखा टाकल्या होत्या, चीर कुठवर पोहोचली त्याच्या. त्या इमारतीसाठी अंगणातला कडुनिंब तोडला होता.

पैशाची रचनाही याच बाजूची. सर्व शिक्षा अभियानात तीन वर्गखोल्यांपर्यंतच्या शाळेला देखभालीसाठी वर्षाला 5,000 रुपये मिळत. शाकारणी आणि सारवण मागणारी इमारत त्यात कशी जगणार? नव्या खोलीला निधी मिळे आणि जुनी वाचवायला मिळत नसे.

असाच प्रकार आवारभिंतीचा. शिक्षण हक्क कायदा ‘भिंत किंवा कुंपण’ म्हणतो. मेंदी, सागरगोटी किंवा करवंदाचं जिवंत कुंपण त्यात बसतं, पण बहुतेक ठिकाणी भिंतच झाली. मागच्या धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बोरीकडे जाणारी मुलांची वाट बंद झाली आणि उतारावरचं पाणी अंगणात साचू लागलं.

गेल्या काही वर्षांत वारं थोडं फिरलं आहे. इमारत हेच शिक्षणसाधन मानणारा ‘बाला’ उपक्रम आला. दाराखाली कोनमापक रंगवलं गेलं, पण झाड त्या यादीत फारसं नव्हतं. 2019 मध्ये शालेय पोषण बागांच्या सूचना आल्या, 2024 मध्ये राज्य सरकारची ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धा सुरू झाली. छतावर सौरपट्ट्या बसल्या, पन्हळीचं पाणी टाकीत वळवलं गेलं. स्पर्धेच्या गडबडीत अंगणात सिमेंटचे गट्टूही आले, काही ठिकाणी थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत. आता परसबागेला जागा शोधायची म्हणून शिक्षक तेच गट्टू उखडतात, आणि खाली माती दिसली की मुलं आधी गांडुळं शोधायला बसतात.