सूचना मागवणं आणि पैसे ठरवायला देणं

अंदाजपत्रकात 'नागरिकांचा सहभाग' म्हटलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या जातात: हरकती-सूचना आणि लोकसहभागी अंदाजपत्रक. दोन्हींत अर्ज असतो, बैठक असते, बैठकीचे फोटो निघतात. गल्लत होणारच.

हरकती-सूचनांमध्ये मसुदा आधीच तयार असतो. प्रशासन तो जाहीर करतं, मुदत देतं, आलेल्या पत्रांवर आवक क्रमांक टाकतं, कधी सुनावणीही घेतं. कोपऱ्यावरच्या गटाराला झाकण हवं असं तुम्ही लिहिलंत, तर उत्तर येतं, 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' नोंद वहीत होते, गटार उघडंच. तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, मान्य करायचं की नाही ते प्रशासनच ठरवतं. तरी हा प्रकार अगदीच कुचकामी नाही. आराखड्यात कुणाच्या घरावरून चुकीचा रस्ता काढला असेल, तर ते तिथंच उघडकीला येतं. नागरिकांच्या सहभागावर लिहिणाऱ्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात सल्लामसलत, म्हणजे असं नुसतं मत मागवणं, खालून चौथ्या पायरीवर आहे, आणि ती पायरी त्यांनी नाममात्र सहभागातच मोजली.

लोकसहभागी अंदाजपत्रकात आधी रक्कम बाजूला काढली जाते आणि ती कशावर खर्चायची हे लोक ठरवतात. याची सुरुवात १९८९ मध्ये ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात झाली. शहराचे १६ विभाग पाडले, विभागवार सभा भरल्या, लोकांनी प्रतिनिधी निवडले. कोणत्या विभागाला किती पैसे, हे लोकसंख्या, सोयींची कमतरता आणि लोकांनी दिलेला प्राधान्यक्रम यांवर ठरे. पगार, देखभाल असा बांधलेला खर्च सोडून नव्या कामांचा पैसा चर्चेला येई. अंतिम मंजुरी तिथंही नगरसभेचीच.

त्याच झाकणाचं इथं काय होतं पाहा. अभियंता खर्चाचा आकडा सांगतो. शेजारीण म्हणते, आधी गल्लीत दिवा लावा. दोन्ही कामं रकमेत बसत नाहीत. मग घासाघीस, मग मतदान. भांडण कार्यालयाशी न होता शेजाऱ्याशी होऊ लागलं, की समजावं, पैसा खरोखर लोकांच्या हातात आलाय. माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण.

मधलेही प्रकार असतात. लोकांकडून कामं मागवायची आणि त्यातली निवड अधिकाऱ्यांनी करायची, याला सर्रास सहभागी अंदाजपत्रक म्हणतात. नावाकडे पाहू नये. रक्कम किती राखली आणि 'नाही' कोण म्हणू शकतं, एवढं विचारावं. पॅरिसनं २०१४ ते २०२० साठी भांडवली खर्चाचे ५ टक्के, म्हणजे सुमारे ५० कोटी युरो, नागरिकांच्या मतदानासाठी ठेवले होते. आकडा असा आधी सांगितलेला असतो.

कायद्याच्या बाबतीत मात्र पारडं उलटं आहे. हरकती-सूचनांची तरतूद बहुधा कायद्यातच असते, कारभारी कोणीही येवो. पोर्तो अलेग्रेची पद्धत कायद्यात कधी बांधलीच नव्हती. ती महापौराच्या मर्जीवर चाले, आणि २०१७ मध्ये ती स्थगित झाली. याउलट पेरू या देशानं २००३ मध्येच सहभागी अंदाजपत्रकाचा राष्ट्रीय कायदा केला होता.