बंदोबस्त निराळा, सुरक्षितता निराळी

“तिकडं सुरक्षा कशी आहे हो?”

परदेशातल्या समुद्रकिनारी सहली ठरवून द्यायचं काम मी बेळगावच्या टिळकवाडीत बसून बरीच वर्षं करतोय. हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. भिशीच्या पैशातून फुकेतला निघालेल्या पंधरा जणी विचारतात, बालीला निघालेलं नवं जोडपं विचारतं, निपाणीहून फोन करणारे निवृत्त मास्तरही तेच विचारतात. सगळ्यांच्या डोळ्यांपुढचं चित्रही एकच असतं: बंदूक, स्फोट, टीव्हीच्या तळाशी पळणारी लाल पट्टी. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जणांना मारलं, त्यानंतर तर लोक तिकिटाचा दर नंतर विचारायचे, हे आधी.

मी म्हणतो, “बंदोबस्त चांगला आहे. घरात पोहता कुणाकुणाला येतं?” समोरचा गप्प होतो. याला नीट उत्तर द्यायचं नाही म्हणून विषय बदलतोय, असं त्याला वाटतं.

विषय बदललेला नसतो. घोळ आपल्या शब्दात आहे. मराठीत आपण ‘सीमा सुरक्षा दल’ म्हणतो आणि ‘रस्ता सुरक्षा सप्ताह’ही म्हणतो. पहिल्यात समोर शत्रू आहे. दुसऱ्यात खड्डा आहे, ब्रेक आहे, डुलकी आहे, शत्रू कोणीच नाही. दोन्हींना शब्द मात्र एकच. सीमाभागात राहून मी कुठल्या भाषेच्या बाजूचा हे सांगायची गरज नाही, पण या एका बाबतीत कन्नड आपल्यापेक्षा नेमकी आहे. गणपती विसर्जनाला पोलीस लागले की कन्नड पेपर ‘बिगी भद्रते’ लिहितो. कारखान्याच्या भिंतीवर मात्र ‘सुरक्षते मोदलु’ असतं. भद्रते वेगळी, सुरक्षते वेगळी. आपल्याकडेही शब्द आहेत की! बंदोबस्त आणि सुरक्षितता. वापरत नाही, एवढंच.

बंदोबस्त म्हणजे मुद्दाम घात करायला आलेल्या माणसाविरुद्धची तयारी. सुरक्षितता म्हणजे कोणाच्याच मनात वाईट नसताना जे घडतं, त्याविरुद्धची.

यातला बंदोबस्त तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून पर्यटकांच्या ठिकाणी झालेले हल्ले भराभर सांगतो. १२ ऑक्टोबर २००२, बालीतलं कुटा: २०२ ठार. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोंबासाजवळचं किनाऱ्यावरचं हॉटेल. जुलै २००५, इजिप्तमधलं शर्म अल शेख. जून २०१५, ट्युनिशियातलं सूस: ३८ ठार, त्यातले ३० ब्रिटिश. मार्च २०१६, आयव्हरी कोस्टमधला ग्रां-बासामचा किनारा. २१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार, कोलंबो. त्या वेळी कर्नाटकात पहिल्या टप्प्याचं मतदान १८ तारखेला उरकलं होतं, आपल्या बेळगावचं २३ ला व्हायचं होतं. प्रचाराचा शीण घालवायला श्रीलंकेला गेलेले जेडीएस पक्षाचे कार्यकर्ते कोलंबोच्या हॉटेलात मारले गेले. आपल्या भागात त्या आठवड्यात दुसरी चर्चाच नव्हती.

हे खरं आहे आणि भयंकर आहे. पण यातून लोक जे शिकतात ते चुकीचं. ते शिकतात की फाटकावर मेटल डिटेक्टर असला, गाडीखाली आरसा फिरवला, कुत्र्याने बॅग हुंगली, की हॉटेल ‘सेफ’.

सूसमध्ये काय झालं बघा. हल्लेखोराने बंदूक किनाऱ्यावरच्या छत्रीत लपवून आणली आणि तो आला वाळूवरून. किनारा खुला होता. पहारेकऱ्यांकडे शस्त्रं नव्हती. पुढे ब्रिटनमधल्या न्यायिक चौकशीत निष्कर्ष निघाला, की जी पोलीस पथकं वेळेत पोचू शकली असती त्यांनी मुद्दाम वेळ काढला. कोलंबोत एका हॉटेलातला हल्लेखोर तर आदल्या रात्री रीतसर खोली घेऊन राहिलेला पाहुणा होता आणि सकाळी नाश्त्याच्या रांगेत उभा होता. त्या हल्ल्याची सूचना भारताने आधीच दिली होती. ती कार्यालयांमध्ये फिरत राहिली. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांना या हलगर्जीबद्दल १० कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला लावली.

म्हणजे खरा बंदोबस्त पाहुण्याला दिसतच नाही. तो गुप्तवार्ता, पोलीस आणि कुठल्याशा टेबलावरची फाईल यांच्यात असतो. आपल्या हातात फार थोडं उरतं. किनाऱ्याकडून आणि रस्त्याकडून बाहेर पडायच्या वाटा पहिल्याच संध्याकाळी चालून बघायच्या. गोळ्यांचा आवाज आला तर शूटिंग करत न थांबता पळायचं, पळता येत नसेल तर लपायचं, मग कळवायचं. स्फोट झाला की रस्त्यावर घोळका करून उभं राहायचं नाही, कारण कुटामध्ये पहिला स्फोट बारच्या आत झाला, माणसं बाहेर धावली आणि समोरच उभ्या असलेल्या व्हॅनमधला मोठा बॉम्ब त्यानंतर फुटला. सरकारी ॲडव्हायजरी वाचायची, पण ती साऱ्या देशाबद्दल बोलते, तुमच्या वाळूच्या पट्ट्याबद्दल नाही. विम्याचा कागदही वाचायचा. दहशतवाद आणि दारू पिऊन झालेले अपघात या दोन कलमांवर बोट ठेवून एजंटाला विचारायचं. झालं.

आता ज्यात माणसं खरोखर फसतात त्याकडे येतो.

बंदोबस्त बघून सुरक्षिततेबद्दल निर्धास्त होणं, ही ती गफलत. एका जुलैत मी स्वतः ग्रुप घेऊन फुकेतला होतो. हॉटेलचं नाव नको. फाटकावर आमच्या व्हॅनखाली आरसा फिरला, सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या, दोन पहारेकऱ्यांनी हात जोडून नमस्कार केला. आमच्यातले एक काका खूश. “बघा, एवढी सुरक्षा आपल्या विमानतळावर नाही!” मागच्या बाजूला वाळूवर जीवरक्षकाची उंच लाकडी खुर्ची होती. रिकामी. तिच्या पाठीवर कोणाचातरी टॉवेल वाळत होता. शंभरएक पावलांवर लाल झेंडा.

काकांचा मुलगा गावच्या विहिरीत लहानपणापासून सूर मारणारा. तो पाण्यात गेला तेव्हा पाणी कमरेएवढं होतं. पाच मिनिटांत तो बोटाएवढा दिसायला लागला. सर्फिंगच्या फळ्या भाड्याने देणारा एक पोरगा फळी घेऊन धावला म्हणून तो परत आला. आल्यावर म्हणाला, “मी पोहतच होतो, पण किनारा लांब जात होता.”

याहून अचूक वर्णन मी ऐकलेलं नाही. आपल्याकडे याला ‘ओहोटीने ओढलं’ म्हणतात, पेपरवालेही तेच छापतात, आणि मला दरवेळी चीड येते. ओहोटी संपूर्ण समुद्राची, तासन्‌तास चालणारी. ही ओढ असते चिंचोळी आणि ती भरतीतही असते. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दांड्यात जिथं खिंड मिळेल तिथून ते एकवटून बाहेर धावतं. जोर असला तर सेकंदाला अडीच मीटरपर्यंत, म्हणजे ऑलिम्पिकचा पोहणाराही त्यापुढे हरतो. गंमत अशी की त्या खिंडीवर पाणी खोल असल्याने लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधला पट्टा शांत, जरासा गढूळ. लहान मुलांना घेऊन उतरायला लोक नेमका तोच पट्टा निवडतात.

ती ओढ माणसाला खाली नेत नाही, बाहेर नेते. माणूस मरतो तो सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारून दमल्यामुळे. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करायचा, जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं आणि मग वळायचं. विहिरीतलं पोहणं इथं उलट घात करतं, कारण विहिरीत काठ हलत नाही.

हे सांगायला मला बाली-फुकेतपर्यंत जायची गरज नाही. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी कॉलेजातले आठ जण बुडाले. त्या घरांसमोरून मी आजही जातो. तिथे घातपात करणारा कोणीही नव्हता.

दुसरा राग झेंड्यांचा. लाल-पिवळ्या झेंड्यांची जोडी दिसली की आपली माणसं ‘धोका’ समजून तिथून लांब, मोकळ्या वाळूवर जातात. उलटं आहे हो! लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधली जागा म्हणजे जीवरक्षकाची नजर असलेली जागा. पोहायचं तर तिथंच. निव्वळ लाल म्हणजे पाण्यात उतरू नका. लालवर लाल, दोन झेंडे, म्हणजे पाणी बंद. जांभळा म्हणजे पाण्यात जेलीफिशसारखं काहीतरी डसणारं आहे. ‘गर्दी नको’ म्हणून झेंड्यांपासून लांब गेलात तर पहारा सोडून गेलात.

बंदोबस्ताच्या आणि सुरक्षिततेच्या प्रश्नांची उत्तरं देणारी माणसंही वेगवेगळी असतात. “इथं हल्ला होईल का?” याचं उत्तर रिसेप्शनवरच्या मुलीकडे नाही आणि माझ्याकडेही नाही, जो सांगतो तो थापा मारतो. हल्ला करणारा तुमची तयारी बघून आपला बेत बदलतो. समुद्राला बेत नसतो. “आज पाणी कसं आहे? कुठं उतरू नये?” याचं उत्तर रोज सकाळी तिथला होडीवाला एका वाक्यात देतो, फुकट. आमचे लोक पहिला प्रश्न दहा जणांना विचारतात आणि दुसरा एकालाही नाही.

जुलैतलं फुकेत स्वस्त का मिळतं, हेही कोणी विचारत नाही. मे ते ऑक्टोबर तिथं पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वारा आणि लाल झेंडे. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ ‘फिनिक्स’ नावाची पर्यटकांची बोट खराब हवामानाचा इशारा असताना निघाली आणि उलटून ४७ चिनी पर्यटक बुडाले. आपल्या व्हॉट्सॲपवर किती जणांनी ती बातमी पुढे ढकलली होती? मी आता त्या महिन्यांत फुकेत विकत नाही, गिऱ्हाईक शेजारच्या ऑफिसात गेलं तरी चालेल. श्रीलंकाच हवी असेल तर मे-जूनमध्ये पश्चिमेकडचं बेंटोटा-हिक्काडुवा सोडून पूर्वेकडचं पासिकुडा देतो. तिथं पाणी उथळ, बरंच आत जाईपर्यंत कमरेवर येत नाही. आणि स्कूटर. आंतरराष्ट्रीय परवाना न काढता तिथं स्कूटर भाड्याने घेणाऱ्यांबद्दल मी एक वेगळं रामायण लिहू शकतो, आज नको.

ते काका यंदा पुन्हा गेले, या वेळी बालीला. जाण्याआधी ऑफिसात तासभर बसून मेटल डिटेक्टरबद्दल विचारून गेले. मीही तासभर झेंडे समजावले. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन.

“अरे, सुरक्षा एकदम टाइट आहे. आता जरा पाण्यात उतरतो म्हटलं.”

“झेंडा कुठला लागलाय काका?”

पलीकडे जरा वेळ नुसताच लाटांचा आवाज.

“थांब की, बघून येतो.”