शेजारच्या झाडाची फांदी आपल्या अंगणात: अर्ज परत का येतो?

पावसाळा तोंडावर आला की महापालिकेच्या उद्यान विभागात तीच गर्दी होते. शेजारच्या आंब्याची फांदी पत्र्यावर टेकलेली असते, नाहीतर उंबराची मुळं कंपाउंडच्या भिंतीत शिरलेली असतात. माणसं घाईघाईनं छाटणीचा फॉर्म भरतात आणि अर्ज परत येतो. कारण बहुतेकदा एकच: झाड अर्जदाराच्या जागेत नाही.

छाटणीची परवानगी झाड ज्याच्या जागेत आहे त्यानं मागायची असते. आपण शेजारी असू तर आपला कागद वेगळा, तो म्हणजे तक्रार अर्ज. वृक्ष अधिकाऱ्याच्या नावानं साध्या कागदावर लिहिलेला चालतो. त्यावर पाहणी होते आणि झाड धोकादायक दिसलं तर मालकाला नोटीस जाते. हा फरक खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही, लोक हेलपाटे घालत राहतात, याचा मला राग येतो.

‘फांदी माझ्या हद्दीत आली, मी तोडणार’ असं बरेचजण म्हणतात. दिवाणी कायद्याचं जुनं तत्त्व तसं आहेही: आपल्या हद्दीत आलेला भाग हद्दीपर्यंत छाटता येतो, पण शेजाऱ्याच्या जागेत पाय टाकता येत नाही आणि त्या फांदीची फळं झाडमालकाचीच राहतात. मात्र शहरात त्याच्यावर 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात झाड ‘तोडणे’ याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. त्यामुळे परवानगीशिवाय कोयता लावू नका. बुंध्यात ॲसिड ओतणं तर अजिबात नको. तक्रारदार म्हणून गेलेला माणूस आरोपी होऊन बसतो.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे शेजाऱ्याची सही. एकदा घरी जाऊन बसा, फांदी दाखवा, छाटणीचा खर्च आपण देतो म्हणा आणि अर्ज त्यांच्याच नावानं करा. अडतं ते सही कुणाची यावर. बंगला बंद, मुलगा परदेशात, खाली भाडेकरू. भाडेकरूची सही मालकाची धरली जात नाही, मालकाकडून अधिकारपत्र मागवा. शेजारी सोसायटी असेल तर सेक्रेटरीची नुसती सही पुरत नाही, कमिटीचा ठराव जोडा. त्यात कन्व्हेअन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलं नसेल तर प्रॉपर्टी कार्डावर अजून बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं नाव निघतं. अशा कितीतरी सोसायट्या आहेत. तेव्हा नोंदणी प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती आणि ठराव एवढ्यावर अर्ज घेतील का, हे भरण्याआधीच विचारून घ्या.

दुसरी अडचण हद्दीची. बुंधा नेमका कुणाच्या बाजूला यावरून वाद असेल तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड दाखवून उपयोग नाही. त्यावर क्षेत्रफळ असतं, कुंपण कुठे हवं ते नसतं. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा लागतो. लगतच्या धारकांना नोटिसा जातात, मोजणी होते, मग नकाशाची ‘क’ प्रत मिळते. यात वेळ जातो, म्हणून मे महिन्यात सुरुवात करू नका, दिवाळीनंतर करा. बुंधा हद्दीवरच निघाला तर अर्जावर दोघांच्याही सह्या घ्या.

आता तक्रारीत लिहायचं काय? ‘पानं पडतात, फार त्रास होतो’ यावर कुणी हलत नाही. फांदी कुठल्या बाजूची, कशावर आलेली, खोड पोकळ आहे का, झाड कलतंय का, असा धोका लिहा. फोटोत बुंधा आणि कंपाउंड दोन्ही दिसू द्या. आणि कृपा करून ‘झाड पूर्ण काढा’ असं लिहू नका. झाड तोडायचं म्हटलं की नोटीस, हरकती, वृक्ष प्राधिकरण असा लांबचा रस्ता लागतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरलं जातं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. आपल्याला दोन फांद्यांची अडचण आहे ना? मग दोन फांद्याच लिहा.

झाड खरोखर पडण्याच्या बेतात असेल आणि कुणीच दखल घेत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली प्रांताधिकाऱ्यांकडे जाता येतं. 1 जुलै 2024 पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 होतं, जुने नमुने तसेच उतरवून काढू नका. मुंबईत तातडीच्या वेळी 1916 वर कळवा. फांदी विजेच्या तारेला टेकली असेल तर स्वतः हात लावू नका. महावितरणच्या भागात 1912 आहे.

गावात नियम वेगळे. तिथे 1964 चा वृक्षतोड कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग ही आपल्या परसातलीच झाडं आहेत. ती तोडायला ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही.

अर्जाची पोच आवक क्रमांक आणि तारखेसह घ्या. उद्या फांदी पडून पत्रा फुटला तर आपण आधीच कळवलं होतं याचा पुरावा तोच. परवानगी आली की त्यावरची मुदत वाचा. मुदत उलटल्यावर झाडावर माणूस चढवला, तर ती छाटणी विनापरवानाच धरली जाईल.