घाम आला का? चिनी वैद्यकातील सर्दीचे निदान आणि उपचार

सर्दीतापाच्या रोग्याला पारंपरिक चिनी वैद्याने आधी काय विचारावे, हे सुमारे चारशे वर्षांपूर्वीच पद्यात बांधून ठेवलेले आहे. मिंग काळातील झांग जिएबिन (१५६३–१६४०) या वैद्याने रोगपरीक्षेतील दहा प्रश्नांचे एक पद्य रचले. त्याची सुरुवात ‘पहिला प्रश्न थंडीतापाचा, दुसरा घामाचा’ अशी आहे. खोकला किती, नाक कोणत्या बाजूने चोंदले, असल्या चौकशीपेक्षा घामाला एवढा मान का, हे समजले की या वैद्यकाची सर्दीकडे पाहण्याची रीत बरीचशी उलगडते.

आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने सर्दी म्हणजे विषाणूंचा संसर्ग होय. त्यात ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सर्वांत मोठा असून त्याचे १६० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. चिनी वैद्यकात विषाणूची कल्पना नव्हती. तेथे दोष जातो तो ‘फंग’कडे, म्हणजे वाऱ्याकडे. हा वारा एकटा शिरत नाही, तो सोबत थंडी किंवा उष्णता घेऊन मानेच्या मागून किंवा नाकातोंडावाटे शरीरात येतो आणि त्वचेलगत पहारा देणाऱ्या ‘वेइ ची’ या संरक्षक शक्तीशी त्याची झुंज होते, असे मानले जाते. त्यामुळे एकाच विषाणूने आजारी पडलेल्या दोन भावंडांना दोन वेगळी निदाने आणि दोन वेगळे काढे मिळू शकतात.

या विचाराचा मूळ ग्रंथ ‘शांगहान लुन’ हा होय. हान साम्राज्याच्या अखेरच्या काळात, इसवी सन २०० च्या सुमारास, आजच्या हनान प्रांतातील नानयांगच्या झांग झोंगजिंग याने तो रचला. ‘शांगहान’ या शब्दासाठी मराठीत ‘थंडी बाधणे’ हा अगदी नेमका वाक्प्रचार तयारच आहे. प्रस्तावनेत झांग सांगतो की, आपल्या गोतावळ्यात दोनशेहून अधिक माणसे होती, १९६ पासून दहा वर्षांच्या आत त्यांतील दोन तृतीयांश दगावली आणि मृतांपैकी दहांतले सात शांगहानाने गेले. ही साधी सर्दी नव्हती, हे उघड आहे. प्राणघातक साथीच्या तापांसाठी लिहिलेले काढे पुढे नाक गळणाऱ्यांनाही दिले जाऊ लागले.

झांगने ज्वराच्या पहिल्या अवस्थेसाठी सांगितलेल्या दोन काढ्यांमधील भेद घामावर बेतलेला आहे. ताप आहे, वारा सोसवत नाही, पण घाम येतो आहे, अशा रोग्याला ‘ग्वेइझी थांग’ द्यावा. त्यात दालचिनीच्या जातीतील झाडाच्या कोवळ्या फांद्या, पांढऱ्या पिओनीचे मूळ, आले, ज्येष्ठमध आणि बारा चिनी बोरे असतात. काढा घेतल्यावर गरम पातळ पेज प्यावी, सुमारे दोन तास पांघरूण घेऊन पडावे, अंगभर हलकासा घाम यावा, मात्र तो पाण्यासारखा वाहू नये, आणि एका मात्रेने बरे वाटले तर उरलेला काढा घेऊ नये, इतक्या तपशिलाने सूचना दिलेल्या आहेत. मराठी घरातील पेज, आले आणि घोंगडी यांची आठवण यावी असाच हा मजकूर आहे. पण घामाला घातलेली मर्यादा आणि औषध थांबवण्याची अट आपल्या घरगुती काढ्यांत क्वचितच सांगितली जाते. उलट घाम अजिबात येत नाही, अंग आणि सांधे ठणकतात, धाप लागते, नाडी हलक्या स्पर्शानेही लागते पण दोरीसारखी ताठ असते, अशा रोग्याला ‘माहुआंग थांग’ हा अधिक तीव्र काढा सांगितलेला आहे.

घामाच्या या प्रश्नामागे शरीरशास्त्राचा खरा आधार आहे. संसर्ग झाल्यावर मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराच्या तापमानाची पातळी वर नेऊन ठेवतो. त्या पातळीला पोहोचेपर्यंत त्वचेच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, घाम थांबतो, हुडहुडी भरते आणि ताप चढत असतानाच माणसाला थंडी वाजते. पातळी पुन्हा खाली आली की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम फुटतो. थोडक्यात, घाम आला का असे विचारणारा वैद्य ताप चढतो आहे की उतरतो आहे, हे नकळत तपासत होता. घाम आल्याने ताप उतरला, असे त्याला वाटे; प्रत्यक्षात बहुधा ताप उतरू लागल्यामुळे घाम येत असे.

उष्णतेच्या सर्दीला स्वतंत्र स्थान मिळायला फार काळ लागला. वू जुथोंग याने १७९८ मध्ये उष्ण ज्वरांवर ग्रंथ लिहिला आणि त्यातील ‘यिनच्याओ सान’ हे औषध आजही चीनमध्ये गोळ्यांच्या रूपात विकले जाते. घसा दुखणे, तहान, पिवळा कफ, जिभेचे लाल टोक आणि जलद नाडी ही उष्णतेच्या सर्दीची लक्षणे. हनीसकलच्या कळ्या, फोर्सिथियाची फळे आणि पुदिन्याच्या जातीची पाने त्यात असतात. सुगंध दरवळला की भांडे उतरवावे, जास्त उकळू नये, असे वू बजावतो, आणि उडून जाणारी तेले टिकवायची तर ते योग्यच आहे. जलद नाडीचे कारणही साधे आहे: ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते. कफाचा पिवळा-हिरवा रंग मात्र उष्णतेचा नव्हे. तो पांढऱ्या पेशींतील एका हिरवट एन्झाइममुळे येतो. तो जिवाणूंचाही पुरावा नसतो, हे अँटिबायोटिक मागणाऱ्या आपल्याकडील रोग्यांनीही लक्षात घ्यायला हवे.

आता औषधांकडे वळू. माहुआंग म्हणजे एफेड्रा हे झुडूप. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये त्यातून एफेड्रिन वेगळे केले आणि १९२४ मध्ये पेकिंग (आजचे बीजिंग) येथे चेन आणि श्मिट या संशोधकांनी त्याच्या परिणामांचे वर्णन प्रसिद्ध केल्यावर दम्यावरील औषध म्हणून ते जगभर गेले. चोंदलेले नाक मोकळे करणारे स्यूडोएफेड्रिनही याच झुडपात असते. म्हणजे ‘धाप लागते’ या लक्षणावर झांगने निवडलेली वनस्पती खरोखरच श्वासनलिका रुंदावते. तीच हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही वाढवते, म्हणून अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रायुक्त पूरक आहारावर बंदी घातली. ज्येष्ठमधही दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढवते.

एखादी वनस्पती गुणकारी आहे म्हणून संपूर्ण पद्धत सिद्ध होत नाही. सर्दीवरील चिनी वनौषधींच्या १४ चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये आढावा घेतला, तेव्हा सर्वच चाचण्या निकृष्ट दर्जाच्या ठरल्या आणि शिफारस करता येईल असे काही हाती लागले नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली, एच१एन१ फ्लूच्या ४१० रोग्यांवरील चीनमधील चाचणी त्या मानाने नेटकी होती. तीत उपचाराविना ताप उतरायला मध्यमानाने २६ तास लागले, ओसेल्टामिव्हिर या फ्लूवरील आधुनिक औषधाने २० आणि यिनच्याओ सानवर आधारित मिश्र काढ्याने १६ तास. परंतु कोणाला काय दिले हे सर्वांनाच ठाऊक होते, नकली औषधाचा गट नव्हता, आणि फ्लू म्हणजे सर्दी नव्हे.

बहुतेक सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होत असल्यामुळे शेवटी घेतलेल्या औषधाला श्रेय मिळते, ही अडचण सगळ्याच उपचारपद्धतींना सारखीच आहे. चीनमध्ये तिच्यात आणखी एक गुंता आहे. तेथे सर्दीसाठी सर्रास खपणाऱ्या काही ‘पारंपरिक’ दाणेदार चूर्णांत वनस्पतींच्या अर्काबरोबर पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि कॅफीन घातलेले असते. वेष्टणावर ते छापलेले असते, पण ते न वाचता अशा चूर्णाबरोबर तापाची वेगळी गोळी घेणाऱ्याच्या पोटात पॅरासिटामॉल दुप्पट जाते आणि त्याचा भार यकृतावर पडतो.