औषध, आणि गाळात बसलेला शिंपला

ऑक्टोबर छाटणी आटोपली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतून फवारणीचे ब्लोअर घुमू लागतात. आज डावणी या रोगासाठी, परवा भुरी या रोगासाठी, मग थ्रिप्स या किडीसाठी. आपल्याकडे त्याला विष कोणी म्हणत नाही, ‘औषध मारलं’ म्हणतात. त्यातलं काही पानावर बसतं, काही वाऱ्यावर जातं, आणि अवकाळी बरसला की काही ओढ्यानाल्यांतून कादवा-गोदावरीत उतरतं. या दोन नद्या नांदूर मध्यमेश्वरला भेटतात. तिथं आपण दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला जातो, गाळाकडे कोण बघतो?

गाळात लॅमेलिडेन्स जातीचा शिंपला अर्धा रुतून पाणी गाळत असतो. श्वास आणि अन्न दोन्ही त्याच पाण्यातून, म्हणून पाण्यात जे येईल ते त्याच्या अंगातूनही जातं. आपल्या यकृताची बरीचशी कामं त्याची पाचकग्रंथी करते आणि विष उतरवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, तिथंच भरपूर असतात.

पण ही विकरं नेहमी भलंच करतात असं नाही. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक मुळात तितकं जहाल नसतं. सायटोक्रोम पी-४५० गटातली विकरं त्याच्या रेणूतला गंधक काढून तिथं ऑक्सिजन बसवतात, आणि तयार होतो ‘ऑक्सॉन’, मूळ रसायनापेक्षा कैक पटींनी घातक. चोराच्या हाती घरचाच कोयता! शिंपल्यात हा गट माशांच्या मानानं मंद आहे, हे त्याच्या पथ्यावरच पडतं.

हा ऑक्सॉन मज्जातंतूंच्या कामाला लागणारं ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतो. वाटेत त्याला कार्बॉक्सिलेस्टरेज हे दुसरं विकर आडवं येतं. ऑक्सॉनचा रेणू स्वतःला चिकटवून घेतं आणि निकामी होतं. एका रेणूमागे एक बळी, असा रोखीचा व्यवहार. आणखी एक विकर, ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज, विषारी रेणूला ग्लुटाथायोन हा पेशीतलाच छोटा रेणू जोडून तो पाण्यात विरघळण्याजोगा करतं. पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर घेतल्यावर आपल्या यकृतातला जो साठा संपतो, तो या ग्लुटाथायोनचाच.

म्हणूनच शिंपल्यातली ही विकरं मोजून पाण्यात विष आलं का, याचा अंदाज घेता येतो. पण मोजणाऱ्याची पंचाईत पुढे आहे. थोडं विष थोडे दिवस असेल तर ट्रान्सफरेज बहुधा वाढतं, कारण पेशी कुमक मागवते. मात्रा चढली किंवा दिवस लांबले की ते घसरू लागतं. चढताना आणि उतरताना मधला आकडा एकच, निरोगी शिंपल्याइतका! म्हणून एकदाच नमुना घेऊन ‘सगळं ठीक’ म्हणणारा अहवाल मला पटत नाही. फवारणीच्या आधी, लगेच नंतर, पुन्हा काही दिवसांनी, आणि बागांच्या वरच्या अंगाला व खालच्या अंगाला असं मोजायला हवं. सोबत कोलिनेस्टरेजही बघायला हवं, त्याची घसरण सहसा एकाच दिशेनं असते.

त्यातून शिंपल्याची एक खोड आहे. पाणी बोचायला लागलं की तो शिंपा गच्च मिटतो आणि ऑक्सिजनवाचून बराच वेळ तग धरतो. नेमका तेव्हाच नमुना उचलला, तर विष वरून वाहून गेलेलं असतं आणि आतल्या विकरांना त्याचा फारसा पत्ताच नसतो.